डिरेक्टरकाकांची फाइल

ल्युसियाँ कोर्वेझ गेल्याची बातमी फ्रेंच पेपरात आली ती आतल्या पानावर, हवामानाच्या शेजारी, आणि फोटोही दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता. मी ती कापून ठेवली. बातमीत त्यांच्या पाच चित्रपटांची नावं होती, पितळी माशाच्या बक्षिसाचा उल्लेख होता, आणि मधोमध एक भारदस्त वाक्य होतं: दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रपटाच्या मध्ये त्यांनी ‘सात वर्षांचा सखोल संशोधनकाळ’ व्यतीत केला. फ्रेंच सिनेमावर पोट भरणारी माणसं हे वाक्य गेली कित्येक वर्षं एकमेकांचं बघून लिहितायत. त्या संशोधनातून पुढे काय निघालं यावर एका बाईंनी निबंधसुद्धा लिहिला आहे. ते वाक्य माझ्या बाबांचं. पिस्कॅटवे, न्यू जर्सी इथल्या आमच्या डायनिंग टेबलावर, वरण-भात आणि लिंबाचं लोणचं बाजूला सरकवून त्यांनी ते टाइप केलं होतं. बाबा नागपूरचे, नोकरीने सॉफ्टवेअर टेस्टर. तोवर त्यांनी एकही फ्रेंच सिनेमा पाहिलेला नव्हता, आणि नंतर जो पाहिला त्याबद्दल ते आजही फारसं बोलत नाहीत.

तेव्हा आम्ही युनिव्हर्सिटीजवळच्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्यावर राहायचो. मी पाच वर्षांची असताना इथे आलो तेव्हा ‘सध्यापुरता’ म्हणून घेतलेला सोफा मी कॉलेजात गेले तरी सध्यापुरताच होता. ग्रीन कार्ड आलं की घर, घर झालं की सोफा, असं ठरलेलं होतं. त्या घरात दोन आवाज कायमचे. एक स्मोक अलार्मचा. आईची फोडणी पडली की तो केकाटायचा, आणि बाबा हातातलं काम टाकून स्टुलावर चढून त्याला टॉवेलने वारा घालायचे. आई आसपासच्या मराठी पोरांना डबे द्यायची, त्यामुळे फोडणी दिवसातून तीनदा पडायची आणि बाबा घरी असले की तीनदा स्टुलावर. दुसरा आवाज प्रिंटरचा. मराठी मंडळातली माणसं ताप आला तर डॉक्टरकडे जायची आणि इमिग्रेशनचं पत्र आलं तर बाबांकडे यायची. वकील सगळ्यांचे वेगवेगळे असायचे, पण वकिलाने मागितलेले कागद कसे लावायचे, कुठल्या कागदाला कुठल्या रंगाची पट्टी चिकटवायची, हे सांगायला बाबाच लागत. गराज सेलमधून आणलेलं एक हिरवं लोखंडी कपाट होतं, त्यात या सगळ्या फायलींच्या प्रती. दसऱ्याला बाकीचे लोक गाडीला हार घालायचे. आई या कपाटाला आणि प्रिंटरला घालायची, हळदकुंकू आणि अक्षतांसकट. एका वर्षी अक्षता आत गेल्या आणि प्रिंटर दिवाळीपर्यंत पेपर जॅम, पेपर जॅम म्हणत राहिला.

इतक्यांच्या फायली पार लावणाऱ्या बाबांची स्वतःची फाइल मात्र जिथल्या तिथे होती. महिन्यातून एकदा सरकार एक तक्ता काढतं, कुठल्या देशात जन्मलेल्यांची रांग कुठल्या तारखेपर्यंत आली त्याचा. आई त्याला पंचांग म्हणायची. भारताच्या रकान्यातली तारीख कधी आठवडाभर पुढे जायची, कधी जागची हलायची नाही, आणि कधी चक्क मागे यायची. ती मागे आली की बाबा म्हणायचे, “टेम्पररी आहे,” आणि आई पोळ्या लाटायला घ्यायची. मी त्यांच्या अर्जावर ‘मूल’ म्हणून होते. एकवीस पूर्ण झाली की मी मूल उरणार नव्हते, अर्जातून गळणार होते. मग स्टुडंट व्हिसा, मग नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, आणि लागलीच तर त्याच रांगेच्या पार शेपटाला मी. नाहीतर विमान. माझा एकविसावा वाढदिवस दीड वर्षावर आला होता आणि घरात त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. मी त्या काळात कशी होते असं कोणी विचारलं तर उत्तर एका शब्दाचं आहे: चिडलेली.

डिरेक्टरकाका, म्हणजे हे कोर्वेझ, आमच्याकडे आले ते डब्यातून. पलीकडच्या बिल्डिंगमधला नागपूरचा एक मुलगा पार पश्चिम टोकाला बॉथेलला नोकरी लागून गेला आणि डबा कॅन्सल करायला विसरला. मी रोज संध्याकाळी गाडीतून डबे टाकायला जायचे. दाराशी भरलेला ठेवायचा आणि कालचा रिकामा उचलायचा. तीन आठवडे त्या दाराशी डबा लख्ख घासून ठेवलेला मिळायचा. आई मला टोमणा मारायची, “बघ, परका मुलगा डबा घासून देतो. नाहीतर तू.” मग एक दिवस रिकामा डबा जड लागला. आईने झाकण उघडलं आणि ती दोन पावलं मागे सरली. आत एक चीज होतं, पांघरूण घातल्यासारखी पांढरी साय आलेलं, आणि त्याचा वास म्हणजे... अगं सई, काहीतरी मेलंय त्यात, असं आई म्हणाली, आणि मी एवढ्या वर्षांनी, रोज तेच चीज खाऊनही, तिच्याशी सहमत आहे. तिने मला चौकशीला पाठवलं. दार उघडलं ते साठीच्या एका उंच गोऱ्या माणसाने, गळ्यात मफलर आणि पायांत काही नाही. तो म्हणाला, रोज संध्याकाळी दाराशी जेवण येतं, अमेरिकेत हे असंच असतं असं मला वाटलं.

आईला ते इतकं आवडलं की तिने त्यांना रविवारी जेवायलाच बोलावलं. शेवटच्या घासापर्यंत आग्रह कसा करायचा हे आईला कोणी शिकवायला नको, आणि नको कसं म्हणायचं हे त्या माणसाला कोणी शिकवलेलं नव्हतं. दोघांचं छान जमलं. युनिव्हर्सिटीत एका वर्षासाठी शिकवायला आलोय आणि मूळचा फिल्म डायरेक्टर आहे, असं त्यांनी सांगितल्यावर आई हातातली वाढणी तशीच धरून उभी राहिली.

“अय्या! हिरॉइन्स कोण कोण होत्या तुमच्या पिक्चरमध्ये?”

मी इंग्रजीत विचारलं. काकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “एक न्हावी होता,” ते म्हणाले.

त्यांच्या पहिल्या चित्रपटाचं नाव ‘दुपारचा न्हावी’. त्यात एक न्हावी दोन तास दुकानात बसून असतो आणि कोणी येत नाही. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी काढलेल्या या चित्रपटाला समुद्रकाठच्या कुठल्याशा महोत्सवात पितळी मासा मिळाला. दुसऱ्याचं नाव ‘घोडा येत नाही’, आणि ते नाव म्हणजेच गोष्ट. मग ती सात वर्षं. तिसरा अर्धा झाल्यावर निर्माता पळाला, तो काकांनी तसाच अर्धा दाखवला. चौथा मी पाहिलेला नाही आणि पाहिला असं सांगणारं कोणी मला आजवर भेटलेलं नाही. मधून मधून एका दह्याची जाहिरात आणि टीव्हीवरच्या गुप्तहेराचे काही भाग. आता त्यांना पाचवा काढायचा होता, न्यू जर्सीतल्या पार्किंग लॉट्सवर. इंडियन ग्रोसरीच्या दुकानाबाहेर सोडून दिलेल्या ट्रॉल्या वाऱ्याने कशा हळूहळू एकमेकींकडे सरकतात, हे दाखवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण युनिव्हर्सिटीचं काम वर्षभराचंच होतं, व्हिसा त्याबरोबर संपणार होता, आणि वकीलबाईंनी त्यांना एक यादी दिली होती: असामान्य क्षमता असलेल्यांना लवकर ग्रीन कार्ड मिळतं, दहा कसोट्यांपैकी तीन पुऱ्या करा, कागद जमवा. यादी त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवली होती. बाबांनी ती उघडली आणि घड्या तळहाताने सरळ करत राहिले.

बाबांनी आयुष्यभर एकाच साच्यातले रेझ्युमे पाहिले होते. सगळे इंजिनिअर, सगळे टीम प्लेअर. असामान्य क्षमतेची कॅटेगरी त्यांनी लांबून पाहिली होती, लोक हिमालय बघतात तशी. पुढच्या रविवारी जेवणं झाल्याबरोबर त्यांनी टेबल पुसलं, लॅपटॉप उघडला, आणि फ्रेंच दिग्दर्शकाच्या कारकिर्दीचा एक्सेल शीट सुरू केला.

“सर, हा सेकंड पिक्चर. हा थर्ड. मधली सात वर्षं कुठे आहेत?”

काकांनी लोणच्याची फोड चोखत विचार केला. “मी दुःखी होतो.”

“ओके. बट ऑफिशियली?”

“ऑफिशियलीसुद्धा.”

“ते कुठल्या कॉलममध्ये टाकू सर?”

“तुमच्याकडे दुःखाचा कॉलम नाही?”

“नाही ना. एम्प्लॉयर, डेसिग्नेशन, फ्रॉम, टू. संपलं.” बाबांचा आवाज मायेचा झाला होता, नोकरी गेलेल्या पोरांशी ते असंच बोलत. “गॅप असली तर घाबरायचं नाही सर. पण गॅप एक्सप्लेन करावी लागते.”

मग त्यांनी त्या सात वर्षांची उलटतपासणी घेतली. काका काय करायचे? काही नाही. काही नाही म्हणजे सकाळी उठून कुठे जायचे? बंदरावर. तिथे काय करायचे? बोटी बघायचे. आणि दुपारी? ग्रंथालयात, जुने पेपर वाचत, कारण तिथे हीटर होता. “बघितलं?” बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “रिसर्च.” आणि ते वाक्य जन्माला आलं. दह्याचंही तसंच. कलेत व्यावसायिक यश, ही यादीतली एक कसोटी होती आणि काकांच्या चारही चित्रपटांचं एकूण यश एका बसमध्ये मावलं असतं. पण ते दही अख्ख्या फ्रान्सने खाल्लं होतं. “मग ते दही लावू आपण,” बाबा म्हणाले. कुठल्या मान्यवर संस्थांचे सदस्य आहात, तर काका म्हणाले मी सगळ्या भांडून सोडल्या. “सोडायच्या आधी मेंबर होता ना?” मला तेव्हा हे सगळं फसवेगिरीसारखं वाटायचं. आता मी स्वतः दुसऱ्यांच्या चित्रपटांचं संकलन करून पोट भरते, आणि बाबा जे करत होते त्याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

एका रविवारी आम्ही ‘दुपारचा न्हावी’ बघितला, कारण प्रॉडक्ट न बघता बाबा कशावरही सही करत नसत. ते वही घेऊन बसले. “फॉर्टी-टू मिनिट्सपासून स्क्रीनवर काहीच होत नाहीये सर. इज इट अ बग?” “नाही,” काका म्हणाले, “तिथे त्याला कळतं की कोणी येणार नाही.” बाबांनी ते लिहून घेतलं. मी उशा लावून व्यवस्थित झोपले. आई मात्र शेंगा सोलत शेवटपर्यंत बघत होती, आणि संपल्यावर म्हणाली, “एक तरी गिऱ्हाईक यायला हवं होतं हो बिचाऱ्याला.” मी भाषांतर केल्यावर काकांनीही एक शेंग सोलायला घेतली. मग म्हणाले, पॅरिसमध्ये या चित्रपटावर पुष्कळ लिहून आलं, पण न्हाव्याची काळजी कोणी केली नव्हती.

माझं काम भाषांतराचं. शाळेत मी स्पॅनिशऐवजी फ्रेंच घेतलं होतं, केवळ आई स्पॅनिश घे म्हणत होती म्हणून. जुन्या कात्रणांचं मी इंग्रजी करायचे आणि प्रत्येकाखाली सही करायचे: मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे. मला ती सही करायला आवडायचं. त्या देशात माझ्या शब्दाला किंमत असलेला तो एकच कागद होता.

राहिली शिफारसपत्रं. आपल्या लोकांत पद्धत अशी की पत्र आपणच लिहायचं आणि मोठ्या माणसाकडे सहीला पाठवायचं. मोठ्या माणसाला वेळ कुठे असतो? बाबांना दुसरी पद्धत असते हेच माहीत नव्हतं. काकांनी आठ नावं दिली, त्यातले तीन वारलेले निघाले. उरलेल्या पाचजणांना बाबांनी स्वतः मसुदे लिहून पाठवले. मिस्टर कोर्वेझ हे डायनॅमिक लीडर आहेत, डेडलाइन पाळतात, प्रेशरमध्ये उत्तम काम करतात. काकांच्या घटस्फोटित बायकोने न वाचता सही करून धाडलं, सोबत चिठ्ठी: कृपया त्याला तिकडेच ठेवा. दोघांनी सह्या केल्या, एकाने उत्तरच दिलं नाही. पाचवा होता अर्नो, त्यांचा कॅमेरामन, चारही चित्रपटांचा. त्याने बाबांच्या मसुद्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारून तो परत पाठवला आणि बरोबर हाताने लिहिलेलं एक पान.

ते पान रविवारी दुपारी उघडलं. आई आतल्या ओट्याशी दुसऱ्या वरणाच्या फोडणीची तयारी करत होती, काका टेबलाशी भात कालवत होते. मी वाचत गेले आणि बाबांसाठी मराठीत सांगत गेले. पहिली दोन वाक्यं झाली आणि बाबांनी हात वर केला.

“थांब. ‘त्यातले तीन वाईट आहेत’ असं लिहिलंय त्याने?”

“हो.”

“‘एक्सपेरिमेंटल’ लिही.”

“बाबा, तो बॅड म्हणतोय. बॅड म्हणजे बॅड.”

“अगं पण ऑफिसरला काय करायचंय ते? थोडं सांभाळून घे.”

“खाली माझी सही आहे! कम्प्लीट अँड ॲक्युरेट. तुम्हीच टाइप केलंय ते.”

“मी खोटं लिही म्हणतोय काय? सांभाळून घे म्हणतो. सगळं आयुष्य सांभाळून घेतलंय मी, म्हणून आपण इथे आहोत.”

“इथे? व्हॉट इज इथे, बाबा?” माझा आवाज चढला तो चढलाच. “दीड वर्षाने आय वोन्ट बी हिअर! तुम्ही इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, काय मिळालं? हा सोफा?”

आईच्या हातून फोडणी करपली. अलार्म केकाटायला लागला. बाबा उठले, स्टूल ओढलं, वर चढले आणि टॉवेलने वारा घालायला लागले, माझ्याकडे पाठ करून. मला लगेच वाईट वाटलं. बोलले ते खरं होतं म्हणून जास्तच. अलार्म थांबला तरी ते टॉवेल हलवत होते.

काका आमच्या तोंडांकडे बघत होते. मराठी एक अक्षर कळत नसलं तरी भांडण कशावरून आहे ते त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, “वाच. मलाही ऐकू दे. सगळं वाच.” मी इंग्रजीत वाचलं, जसं होतं तसं:

‘या माणसाबरोबर मी चार चित्रपट केले. त्यातले तीन वाईट आहेत. तो डेडलाइन पाळतो असं तुमच्या कागदात लिहिलं आहे. त्याने माझ्या लग्नाची तारीखसुद्धा पाळली नव्हती. घोड्याच्या चित्रपटासाठी त्याने आम्हाला एकोणीस दिवस धुक्यात एका रस्त्यावर उभं केलं. घोडा आला नाही, कारण त्याने घोडा सांगितलाच नव्हता. आम्ही वाट बघत असलेलेच त्याला हवे होते. मी त्याच्याशी सहा वर्षं बोललो नाही. नंतर मी मोठमोठ्या लोकांबरोबर काम केलं. त्यांच्याकडे घोडा वेळेवर यायचा. मला त्यातला एकही घोडा आठवत नाही. तो रस्ता अजून दिसतो. त्याने बोलावलं तर मी उद्या जाऊन उभा राहीन.’

बाबा स्टुलावरच होते. आई दाराशी येऊन उभी होती. तिला इंग्रजी तेवढं कळत होतं.

“ते वाट बघायचं परत वाच,” बाबा म्हणाले. मी वाचलं. ते खाली उतरले, टॉवेलची घडी केली. “सर, तीन वाईट, इज इट ट्रू?”

“नाही,” काका म्हणाले. “चारही वाईट आहेत. पहिला तरुणपणी केला म्हणून त्याने सोडून दिलाय.” मग त्यांनी ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला. आईने वाढताना तुपाची धार जरा जास्तच लांबवली.

“जसंच्या तसं ठेव,” बाबा मला म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, पण म्हणाले. मी टाइप करून सही केली, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्या पानाला पट्टी लावली, सगळ्यात शेवटची, जांभळी.

फाइल चार बोटं जाड झाली. पाठवायच्या दिवशी आईने पहिल्या पानाच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावलं. बाबा ओरडले, हे सरकारी कागद आहेत, पुन्हा प्रिंट काढावी लागेल. आई म्हणाली, काढा, मी पुन्हा लावीन. तशीच गेली. काही महिन्यांत, काकांची मुदत टळायच्या आधीच, कार्ड आलं. कुठल्या कागदाने काम झालं, माशाच्या, दह्याच्या की जांभळ्या पट्टीच्या, ते कोणालाच कळलं नाही. आईला मात्र शंका नाही.

काका कार्ड घेऊन थेट आमच्याकडे आले, दुसऱ्या हातात पितळी मासा. मासा बाबांसाठी. बाबांनी कार्ड हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, स्पेलिंग तपासलं, जन्मतारीख तपासली. “करेक्ट आहे,” म्हणाले. त्या वर्षात आमची स्वतःची तारीख दोन आठवडे पुढे सरकली होती. रांग जन्माच्या देशावर असते हे बाबांनी काकांना कधीतरी समजावून सांगितलेलं होतं, पण त्या दिवशी ते त्यांच्या डोक्यात शिरलं.

“म्हणजे माझी असामान्य क्षमता काय? आईने मला फ्रान्समध्ये जन्म दिला ही?”

“नाही नाही सर, कॅटेगरीपण वेगळी आहे,” बाबा म्हणाले. मग कार्ड परत देत, “पण जन्माचंही आहेच.”

ते हसले, काकांशी हात मिळवला, आणि गाडी धुवून येतो म्हणून बाहेर गेले. फेब्रुवारी होता. पार्किंग लॉटच्या कडेला बर्फाचे काळे ढीग होते आणि बाबा बादलीतल्या कोमट पाण्याने गाडी धूत होते. मी खिडकीतून बघत होते आणि मला डिरेक्टरकाकांचा इतका राग आला की मी तो मासा त्यांच्या डोक्यात घातला असता. त्यांचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि तेही बाहेर बघत राहिले. त्यांनी कॅमेरा काढला नाही, याबद्दल मी त्यांना आजही मानते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एक पत्र आणून दिलं, पॅरिसमधल्या संकलन शिकवणाऱ्या एका शाळेसाठी. “तुझ्या वडिलांच्या पद्धतीने लिहिलेलं नाही,” म्हणाले. ‘ही मुलगी हट्टी आहे. सिनेमातलं तिला काही कळत नाही. माझा सगळ्यात चांगला चित्रपट लागलेला असताना ती घोरत होती. पण समोर जे असेल तेच ती वाचते, आणि भीती वाटली तरी तेच वाचते. तुमच्याकडे अशी माणसं नाहीत.’ बाबांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. “एक ‘टीम प्लेअर’ ॲड करायला सांग ना,” म्हणाले, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. मुलाखतीनंतर शाळेने मला घेतलं. एकविसाव्या वाढदिवसाच्या आठ दिवस आधी मी निघाले. रांगेच्या शेपटाला उभं राहण्यापेक्षा जावं, असं मीच ठरवलं. विमानतळावर आईने भाजणीच्या पिठाची पिशवी माझ्या बॅगेत कोंबली. बाबांनी माझे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिले, पट्ट्या लावून.

त्यानंतर चार वर्षं आम्ही भेटलो नाही. बाबांच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. देश सोडला असता तर नवीन शिक्का मिळेपर्यंत बाहेर अडकायची भीती, आणि नोकरी गेली तर रांगेतला नंबरही गेला. मी दोनदा टुरिस्ट व्हिसा मागितला, दोन्ही वेळा वकिलातीने नाकारला, त्यांना वाटलं मी परत जाणार नाही. मग कधीतरी मिळाला. बाबांचं कार्ड आणखी पाच वर्षांनी आलं. त्यांनी सोफा बदलला. काकांचा पार्किंग लॉटचा चित्रपट पूर्ण झाला, एक आठवडा चालला, आणि मी सांगते, तो वाईट आहे. पण त्या वेळच्या पत्रकात बाबांच्या एक्सेल शीटमधून उचललेली कारकीर्द जशीच्या तशी छापली होती, आणि तिथून ते संशोधन फ्रान्सला पोचलं.

काका गेल्याचं कात्रण घेऊन मी मागच्या महिन्यात पिस्कॅटवेला आले. बाबा आता रिटायर झालेत, कानात मशीन आहे. आयुष्यात पुन्हा फॉर्म भरणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली होती, पण आईने मागे लागून त्यांना सिटिझनशिपचा अर्ज भरायला बसवलं होतं. मी कात्रणातलं वाक्य वाचून दाखवल्यावर ते खूश झाले. “चांगलं एक्सप्लेन केलं होतं ना?” म्हणाले. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. “चेक करून दे. नोकऱ्या आणि ट्रिप्स.” फॉर्म मागची पाच वर्षं विचारतो, बाबांनी पहिल्यांदा विमानातून उतरल्या दिवसापासूनचा तक्ता केला होता. स्पेलिंग चोख, तारखा चोख. मी खाली खाली येत गेले. मी गेले त्या वर्षापासून पुढच्या चार वर्षांना प्रवासाच्या रकान्यात ‘नन’, म्हणजे एकही नाही, असं होतं. त्याच्या शेजारी त्यांनी स्वतःच एक नवीन कॉलम काढला होता. बाकी सगळा रिकामा, फक्त त्या चार वर्षांसमोर भरलेला. आय वॉज सॅड. आय वॉज सॅड. आय वॉज सॅड. आय वॉज सॅड.

“बाबा,” मी म्हणाले, “हे कोणी विचारलेलं नाहीये.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “पण गॅप एक्सप्लेन करावी लागते.”